अठरा साखळ्या

दि. १४ मार्च

धाकट्यास,

दादाचा आशीर्वाद. नको असेल तर परत पाठव. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, आणि तुझ्या वहिनीने दोन दिवस माझ्याशी अबोला धरलाय.

आपल्या 'आजीबाई'ला निवृत्त करताहेत. जगातलं सगळ्यात मोठं मालवाहू विमान, बत्तीस चाकांचं, आता लोकांनी फोटो काढायला उभं राहणार. शुक्रवारी शेवटचं उड्डाण. कॅप्टनसाहेबांनी जुन्या सगळ्यांना बोलावलंय, तुलाही. तू येऊ नकोस, हे सांगायला हे पत्र.

येशील आणि नेहमीसारखा उजवा हात खिशात घालून कोपऱ्यात उभा राहशील. चार वर्षं हेच पाहतोय. आईकडे जेवतोस तेही डाव्या हाताने, मान खाली घालून. लोक म्हणतात, बिचारा. तुझा तो साळसूदपणा माझ्या डोक्यात जातो.

नियम तुलाही पाठ आहे. माल बांधला की साखळ्या दोघांनी वेगवेगळ्या मोजायच्या आणि एकमेकांना न सांगता आकडा लिहायचा. आपण पडलो भाऊ. मी आकडा ओरडायचो, तू तोच लिहायचास. सह्या दोन, मोजणी एक. तो अवजड ट्रान्सफॉर्मर नेला, त्याला अठरा साखळ्या लागत होत्या, तेव्हाही मी अठरा म्हणालो. विमान उतरताना तो हातभर सरकला आणि तुझी बोटं भिंतीशी चेंगरली. चौकशीत तू म्हणालास, "मोजणी माझी होती." बोटं गेली, नोकरी गेली. मला बढती मिळाली.

तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा? दवाखान्यात एकदाच म्हणालास, "दादा, चौदाच होत्या रे." त्यानंतर चकार शब्द नाही. शिव्या दिल्या असत्यास तर मी निदान भांडलो तरी असतो.

मी मोजल्याच नव्हत्या. हातात चहा होता. दारातूनच अठरा म्हणालो.

परवा वहिनीला हे सांगितलं, म्हणून अबोला. आज सकाळी कॅप्टनसाहेबांनाही लिहून पाठवलं. आता गप्प राहून मोठेपणा मिरवायची तुझी सोय संपली.

वर येऊ नकोस लिहिलंय, ते खोडत बसत नाही. मी जाणार नाही, तू जा. माल भरल्यावर आजीबाईचं उघडलेलं नाक मिटायचा खटका तूच दाब, उजव्या हाताने. आणि मला माफ करायला येऊ नकोस. तुझे आणखी उपकार मला सोसणार नाहीत.

न मोजता अठरा म्हणणारा,
तुझा दादा