वयाचा रकाना

रविवार, ७ एप्रिल २०२४. सकाळी ११.१०
आजपर्यंत स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: लोखंडी कपाट, एक. गच्चीवरच्या टाकीचा अलार्म, जुन्या रेडिओच्या स्पीकरवर. भानुमतीसाठी पीठ चाळायचं यंत्र, मोटारवर चालणारं (ती वापरत नाही). स्कूटरची सीट, वैदेहीसाठी अडीच इंच खाली उतरवलेली, तिचं वय चौदा असताना. त्याच स्कूटरच्या अ‍ॅक्सिलरेटरला एक स्क्रू, त्यामुळे केबल अर्धीच ओढली जाते. आणि वैदेहीचं ड्रायव्हिंग. तेही मीच घडवलं. २१२ तास, तारीखवार नोंद, वेगळी वही.

यादी करायचं कारण: आज या शहराने एका कारागिराचा अपमान केला.

नळाला पाणी नाही, नववा दिवस. समोरच्या सातमजलीने सहाशे फूट बोअर मारल्यापासून आमच्या बोअरमधून नुसती हवा येते. म्हणून वैदेहीला स्कूटरवर पाण्याचा जार आणायला पाठवलं. सिग्नल लाल. अख्खं शहर सिग्नल तोडून निघून गेलं. ही एकटी पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे, मी शिकवल्याप्रमाणे एक हात अंतर ठेवून, थांबली. थांबली म्हणून सापडली. हवालदाराचं नाव कडुबा. तिला म्हणाला, पोरी, लायसन नाय तर पाणी आणायला बापाला धाड की, घरी झोपलाय का काय? (मी झोपलो नव्हतो. अलार्मची वायर बदलत होतो.)

चलन दिलं: विनापरवाना वाहन चालवणे, कोर्टात दंड भरा. अक्षर गचाळ. आणि वयाचा रकाना रिकामा! सरकारी कागद आणि अर्धवट. डोक्यात तिडीक गेली.

संकल्प: हे प्रकरण मी स्वतः लढणार.

मंगळवार, ९ एप्रिल. पाडवा
वरच्या मजल्यावरची तनुजा श्रीखंड घेऊन आली. वकील होऊन चार वर्षं झाली. अठराच्या आतली मुलं गाडी चालवताना सापडली की त्यांच्या केसेस बघते. तिने चलन दोनदा वाचलं आणि हसली. मला वाटलं अक्षराला हसली.

म्हणाली, काका, तुम्ही फक्त गप्प बसा, बाकी मी बघते. पहिलीच वेळ आहे, कुणाला लागलेलं नाही, विनापरवान्यावर भागेल. कुणी विचारलं तर खरंच सांगू. पण आपण होऊन एक कागद देऊ नका. त्या रकान्यात सोळा पडलं की कलम १९९-अ लागतं. मग खटला तुमच्यावर, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि वैदेहीला पंचवीस वर्षांची होईपर्यंत लायसन्स नाही.

वैदेहीला एसटी चालवायची आहे. आमच्या घराण्यात सात पिढ्या भिक्षुकी आणि दोन पिढ्या कारकुनी झाली, आता स्टिअरिंग. नातेवाईक हसतात. मी हसत नाही. म्हणून तर चौदाव्या वर्षी सुरुवात केली.

तनुजाला फी विचारली. म्हणाली, कसली फी, आईचं शिलाई मशीन तुम्ही तीनदा दुरुस्त केलंत. म्हणजे उपकाराची फेड! मी स्पष्ट नकार दिला. गप्प बसणं हा कायदेशीर सल्ला असेल तर मग मुक्या माणसाने पाच वर्षं लॉ कॉलेजात कशाला जावं?

वैदेहीने श्रीखंड अर्धंच खाल्लं. चक्का आंबट असावा.

शुक्रवार, १२ एप्रिल
औरंगपुऱ्यातून मोटार वाहन कायद्याचं पुस्तक आणलं. दोन बैठकांत संपवलं. वकिलांना पाच वर्षं का लागतात कळत नाही.

शोध लागला! सोळा पूर्ण झालेल्याला बिनगिअरची ५० सीसीपर्यंतची गाडी चालते. आपली ८८ सीसी. पण माझ्या स्क्रूमुळे केबल अर्धीच ओढली जाते. म्हणजे प्रत्यक्षात ४४. मर्यादेपेक्षा सहा सीसी कमी!

तनुजाला जिन्यात गाठून सांगितलं. म्हणाली, काका, स्क्रूने पेट्रोल कमी जातं, इंजिन लहान होत नाही. वकिलांना मशीनरी कळत नाही. वैदेहीही तेच म्हणाली. संगतीचा परिणाम.

पण सवलत मिळायची तर वय सोळा हे आधी सिद्ध व्हायला हवं. आणि तो रकाना रिकामा. सगळं अडलंय ते त्या हवालदाराच्या आळसामुळे.

शनिवार, २० एप्रिल
निवेदन पूर्ण. अकरा पानं. पान १ वर, ठळक: ‘घटनेच्या दिवशी कु. वैदेहीचे वय १६ वर्षे ४ महिने ११ दिवस. सबब आपण लावलेले कलम अपुरे असून अल्पवयीनांची तरतूद लागू करून ५० सीसीची सवलत द्यावी.’ सोबत जन्मदाखला, स्क्रूचं रेखाचित्र (मूळ मापात), सीटचे फोटो, २१२ तासांच्या वहीची झेरॉक्स.

वैदेही दारात आडवी उभी राहिली. बाबा, नका ना देऊ, प्लीज. नंतर फाईल गायब. शोधून काढली: पीठ चाळायच्या यंत्राखाली. तिकडे कुणी फिरकत नाही, हे तिने बरोबर हेरलं. पण मी दर शनिवारी यंत्राला ऑइल देतो.

सोमवार, २२ एप्रिल
वाहतूक चौकीत जाऊन निवेदन दिलं. कडुबाने उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं आणि मला बाहेर लिंबाच्या झाडाखाली नेलं. म्हणाला, काका, हे वापस घेऊन जा. रकाना म्या इसरलो नव्हतो. माझी बी पोरगी तेवढीच हाय.

म्हणजे कर्तव्यात कसूर, तीही तोंडी कबूल! मी म्हणालो, पोच द्या. तो म्हणाला, इचार करा. मी म्हणालो, शिक्क्यासह. त्याने आत जाऊन शिक्का मारला. तोही तिरका.

साहेबांनी मात्र बोलावून चहा दिला. म्हणाले, एवढं टापटीप कुणी लिहून देत नाही हो, आमचं निम्मं काम झालं. पहिल्यांदा या शहरात कुणाला किंमत कळली.

शुक्रवार, ३ मे
नोटीस. कलम १९९-अ. आरोपी: मी. कलम वाढलं म्हणजे केसला वजन आलं.

दुपारी स्कूटर नेली. मी त्यांना सांगितलं, सीट अडीच इंच खाली आहे, गुडघे सांभाळा. कुणी आभार मानले नाहीत.

भानुमती म्हणाली, अहो, पोलिसांनी जे लिहिलं नव्हतं ते तुम्ही लिहून दिलंत, वर पोच घेतलीत. बायकांना प्रक्रिया कळत नाही.

मंगळवार, १४ मे
कोर्टाला उन्हाळी सुट्टी. नाहीतर आतापर्यंत सुटलो असतो.

नळ अकरा दिवस नाही. टँकरवाल्याचा फोन लागत नाही. जार मी सायकलवर आणतो. कॅरिअरला पट्टी स्वतः वेल्ड केली. मोडली. लोखंड हलकं होतं.

वैदेही मावशीकडे गंगापूरला गेली. माझ्याशी न बोलता. भानुमती स्टँडवर सोडायला गेली होती. सांगत होती, ड्रायव्हरच्या मागची सीट मिळावी म्हणून पोरीने दोन गाड्या सोडल्या. या माहितीचा मला काय उपयोग?

बुधवार, १९ जून
कोर्ट. तनुजा मागच्या बाकावर. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पुकारा होण्याआधी पुढे वाकून म्हणाली, काका, वकिलासाठी तारीख मागा, मी उभी राहते, अजून वेळ आहे. मी भाषणाचे मुद्दे काढत होतो. एकूण सतरा.

मुद्दे राहिलेच. मॅजिस्ट्रेटबाईंनी एकच विचारलं: मुलगी गाडी चालवते हे तुम्हाला माहीत होतं का? मी अर्धवट उत्तर देणारा माणूस नाही. म्हणालो, जानेवारी २०२२ पासून, म्हणजे दोन वर्षं तीन महिने, २१२ तास, सगळ्या नोंदी आहेत. त्यांनी झेरॉक्स चाळली. विचारलं, अक्षर तुमचं? म्हणालो, हो, आणि रकानेही मीच आखलेत.

मागे तनुजाने डोळे मिटून घेतले.

गुन्हा कबूल का, म्हणाल्या. म्हणालो, नोंदी कबूल. म्हणाल्या, एकच झालं. स्क्रूवर विचारलं, हे कोणी बसवलं? मी म्हणालो, मीच. त्यांनी तेही लिहून घेतलं.

पंचवीस हजार दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत जागेवर बसून राहण्याची शिक्षा. नोंदणी वर्षभर रद्द. वैदेहीला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. कोर्ट ५.४० ला उठलं. बाकाचा डावा पाय हलतो, एक वॉशर पुरे. शिपायाला सांगितलं. तो म्हणाला, काका, तुम्ही आता काई दुरुस्त करू नका.

शनिवार, २२ जून. दुपारी १.३०
वैदेही परत आली. प्रशिक्षणाची वही मागितली. मी आनंदाने दिली. विषयात रस टिकून आहे.

तासाभराने वही टेबलावर. २१२ तासांच्या नोंदी संपतात त्याखाली तिने नवी ओळ घातलेली. पट्टीने, माझ्यापेक्षा सरळ. तास: २१३. तारीख: २७ नोव्हेंबर २०३२. वयाचा रकाना भरलेला: २५. शेरा: काही नाही.

हिशेब तीनदा तपासला. तारीख बरोबर आहे.

आज यंत्राला ऑइल दिलं नाही.

नोंद पूर्ण असावी म्हणून: पाडव्याला तनुजाने दिलेली ऑफर, जी मी नाकारली: ‘काका, तुम्ही फक्त गप्प बसा, बाकी मी बघते.’ रक्कम: शून्य रुपये.