अर्धा भागिले पाव

३ जून, सकाळ
हेडमास्तर वाईसाके पुढच्या महिन्यात रिटायर होणार. त्या खुर्चीला या बेटावर माझ्याइतका लायक माणूस नाही. वासितीबाई आहेत, पण त्या नुसत्या शिकवतात. चाचण्यांचं शास्त्र त्यांच्या गावीही नाही. २१ तारखेला बोटीने निरीक्षकबाई येणार. तोवर सहावीच्या सगळ्या प्रकारच्या चाचण्या उरकायच्या. संकल्प: पेपर तपासून होईपर्यंत झाडाच्या मुळांचा, गुंगी आणणारा यांगोना प्यायचा नाही.

५ जून
निदान चाचणी घेतली. हेतू: पोरांचं नेमकं कुठे दुखतंय ते शोधणे. सापडलं! प्रश्न चौथा, अर्धा भागिले पाव. उत्तर सरळ आहे, एक अष्टमांश. चौदाच्या चौदा कार्ट्यांनी लिहिलंय दोन. म्हणजे कॉपी. आमच्याकडे केरेकेरे म्हणून कुणी काही मागितलं की नाही म्हणायचं नसतं. होडी द्या, मीठ द्या. आता उत्तरंही देतात. कॉपीचं मूळ पहिल्या बाकावरची उलामिला असणार. तिचं अक्षर फार सुबक आहे.

संध्याकाळी यांगोना. गावप्रमुखांनीच वाटी पुढे केली. नाही कसं म्हणणार?

१० जून
घटक चाचणी. हेतू: शिकवलेलं डोक्यात शिरलं का ते बघणे. एकेकाला वेगळ्या माडाखाली बसवलं, मध्ये वीस पावलं. तरी चौदा वेळा दोन. निर्लज्ज आहेत.

१३ जून
तोंडी परीक्षा, एकेकाला आत बोलावून. उलामिला म्हणाली, मास्तर, कसाव्याचा अर्धा कंद घ्या, पाव-पावचे तुकडे करा, दोनच होतात. मी म्हटलं, गणितात खाणं आणू नकोस. तर म्हणते, तुमचा एक अष्टमांशच उरतो, मग बाकीचा कुणी खाल्ला? उद्धट कार्टी. शून्य दिलं, बाकीच्या तेरांनाही.

घरी बायकोला, मेरेओनीला, सांगितलं. ती कसावाच चिरत होती. सुरी थांबवून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. माझ्या चिकाटीचं कौतुक वाटलं असावं.

२१ जून, दुपार
निरीक्षकबाईंना चौदा शून्यं दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, पेपर पुन्हा वाचला. म्हणाल्या, वा! आता एक चाचणी माझी. मास्तर, तुम्हीही बसा की.

जागा मिळाली उलामिलाशेजारी. पहिला प्रश्न तोच, पण चित्र काढून. तीनदा काढलं. तीनदा दोनच आले हो! दुसरा, दीड भागिले पाव. तो चित्रातही सुटेना. हळूच म्हटलं, उलामिला, केरेकेरे. तिने पेपर माझ्याकडे सरकवला. हसली नाही, कुरकुरली नाही. मी शून्य दिलं होतं तिला. लाज वाटली.

२२ जून
पोरांना पूर्ण गुण. खुर्ची वासितीबाईंना. माझ्या वहीत निरीक्षकबाईंचा शेरा: निदान चाचणी उत्तम, दुखणं सापडलं. सोमवारपासून सहावीला अपूर्णांक वासितीबाई शिकवतील, मास्तरांनी वर्गात बसावं.

संकल्प: पहिला नंबर काढायचा. उलामिलाने शेजारची जागा धरून ठेवलीय.