सहाव्या गाण्यातलं शेवटचं मिनिट

मोशी,
गुरुवार, सुट्टीचा दिवस

प्रिय स्वरूपा, पोरी,

मोशीहून हिंजवडी ती किती लांब, आणि तुझा बाप तुला पत्र लिहितोय, हे बघून तू आधी हसशील आणि मग घाबरशील. घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा थंडीनं कुरकुरतोय, पण ती त्याच्याहून जास्त कुरकुरते, त्यामुळे तो गप्प बसतो. शेजारची करिष्मा उद्या कंपनीच्या कॅबनं तिकडेच येणार आहे, तिच्याकडे हे पाकीट देईन. फोन का केला नाही ते पुढे कळेल. सकाळपासून दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा उठलो. एकदा देवघरातली वात सारली, एकदा उगाच गच्चीवर जाऊन टाकीत पाणी किती आहे ते बघून आलो. आई म्हणाली, "आज पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या? बसा की एका जागी." आता बसलोय.

तुम्ही लोकांनी केलेल्या गाण्यांना बाहेर येऊन सहा आठवडे झाले. तू तीनदा विचारलंस. पहिल्यांदा, बाबा, ऐकलं का? मग, बाबा, कसं वाटलं? आणि तिसऱ्यांदा, सहावं ऐकलं का? तिन्ही वेळा मी 'छान आहे' लिहिलं आणि पुढे जोडलेले हात पाठवले. चौथ्यांदा तू विचारलं नाहीस. एका शब्दात उरकावं असं ते काम नाही हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून आधी जे तेव्हाच सांगायला हवं होतं ते सांगतो, मग बाकीचं.

सुमनताईंची 'निगडीच्या अलीकडे' ही कादंबरी तू घरी आणलीस तेव्हा मी तिला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, आठवतं? तू हसली होतीस. आमच्या भूम तालुक्यातल्या शाळेत गुरुजी सांगायचे, पुस्तक दोनदा वाचावं, एकदा गोष्टीसाठी आणि एकदा ती सांगणाऱ्यासाठी. मी ती तीनदा वाचली. किसन आणि जाईबाई दुष्काळातून उठून भोसरीला येतात, एका खोलीत तीस वर्षं काढतात, तो फोर्जिंगच्या कंपनीत घणाखाली आयुष्य घालवतो आणि ती त्याची वाट बघण्यात. एवढीच गोष्ट. पण वाचताना वाटायचं, ही बाई आपल्या खोलीत कधी येऊन बसली होती? तीनशे पानांची कादंबरी, तिची सात गाणी करणार म्हणालीस तेव्हा मी मनात म्हटलं, रांजण घेऊन निघाले आणि तांब्यात ओतणार. माझं चुकलं. तुम्ही रांजण ओतलाच नाहीत, सात ठिकाणी नुसता हात बुडवलात.

मी सगळं कंपनीच्या बसमध्ये ऐकलं, कानात इअरफोन घालून, मोशी ते चाकण. तळेगाव चौकात बस अडकली की एक गाणं जास्त व्हायचं. 'सहाची बस, साडेपाचचा चहा, मधल्या अर्ध्या तासात सगळं गाव पाहा' या ओळीला मी खिडकीबाहेर बघायला लागलो, कारण शेजारी माणूस बसला होता आणि माझे डोळे भरले होते. कादंबरीत ही ओळ कुठेच नाही. तिथे किसन थांब्यावर उभा राहून गावाकडचं आठवत असतो, त्याची चार पानं आहेत. तुझ्या कवी मित्राला सांग, ती चार पानं त्यानं चहाच्या कपात बसवली. नळाच्या भांडणाचं तिसरं गाणं तर आईनं स्वयंपाकघरात इतक्या वेळा लावलं की परवा खालच्या मजल्यावरची बाई विचारत होती, "काकू, तुमच्याकडे रोज कोण भांडतं हो?" आई म्हणाली, "आमची पोरगी. आणि त्यावर लोक टाळ्या वाजवतात."

चौथ्याबद्दल एक तक्रार आहे. शब्द नसलेलं, नुसत्या घणाच्या ठोक्यांचं ते गाणं. ठोके खरे वाटतात, पण फार सरळ आहेत. शेवटच्या दोन तासांत माणसाचा पाय पेडलवर जड होतो आणि ठोका जरासा मागे पडतो. तेवढ्यावरून शेजारच्या मशीनवाल्याला कळतं की याला आता चहा पाहिजे. तुमचा किसन आठ तास एकाच जोमानं ठोकतो. असा कामगार मी सव्वीस वर्षांत पाहिला नाही. पण ज्या अर्थी मी ठोक्यांवर भांडतोय त्या अर्थी बाकीचं पटलंय, हे तू ओळखशील. आणि एक, कादंबरी किसनच्या मरणावर संपते, तुम्ही त्याच्या आधी थांबलात. जाईबाई दार लोटून घेते, कडी लावत नाही, तिथेच. सुमनताईंना राग आला नसेल अशी आशा आहे. मला वाटतं, कादंबरीला सांगावं लागतं, गाण्याला थांबता येतं.

आता सहावं. किसनचा कंपनीतला शेवटचा दिवस. तो आंघोळ करून देवापुढे बसतो आणि त्याला मागायला काहीच सुचत नाही. तू स्वतः गायलीस. दोन कडवी, मग पखवाज, मग पखवाजही हळूहळू कमी होत जातो आणि शेवटचं एक मिनिट काहीच नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फोन बिघडला असं वाटलं. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. म्हटलं, काय धाडस आहे पोरीचं! मागायला काही नाही म्हणून गाण्यातही काही नाही. पुरं एक मिनिट तिनं मोकळं सोडलं, देवाला बोलायला. मी त्या मिनिटात बसमध्ये डोळे मिटून बसायचो. माझ्या रोजच्या पाठात जे कधी जमलं नाही ते तिथे जमायचं. तुला हे लिहून पाठवायचं मी ठरवलं होतं. शब्दही जुळवले होते.

आधी सुजितला सांगितलं. तो आपल्याच गल्लीतला, गुरुवारी भजनात टाळ घेऊन बसतो, कंपनीत माझ्या शेजारच्या मशीनवर असतो. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला ते मिनिट ऐकायला लावलं, वर शांततेवर पाच मिनिटं भाषण दिलं. तो इअरफोन घालून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, शांत कुठंय? बासरी वाजतीय की. बारीक हाय, पण वाजतीय." मी म्हटलं, "चेष्टा नको करू." तो म्हणाला, "आईशप्पथ. आन ही तर आपल्या गुरुवारची चाल हाय, तुम्ही गावाकडून आणलेली. तुम्हाला म्हाईत न्हाई व्हय?" मी हसलो आणि म्हटलं, "माहीत आहे रे, तुझी परीक्षा घेत होतो." आणि डबा तसाच बंद केला.

स्वरूपा, मला ती बासरी ऐकू येत नाही. घरी आलो, दारं-खिडक्या लावल्या, आवाज शेवटापर्यंत वाढवला. आई बाहेरून ओरडली तेही तिनं दार वाजवलं तेव्हा कळलं. बासरी नाहीच. तू तिसऱ्यांदा जे विचारलंस ते का विचारलंस, हे मला तेव्हा समजलं. माझ्या वडिलांची चाल तू त्यात ठेवलीस आणि मी 'छान आहे' लिहून पाठवलं.

हे एका दिवसात झालेलं नाही. कंपनी इअरप्लग देते, नेहमीच देत आली. मीच घातले नाहीत. आमच्या कामात डायला, म्हणजे तापल्या लोखंडाला आकार देणाऱ्या साच्याला, तडा जायला लागला की तो डोळ्याला दिसायच्या आधी ठोक्याच्या आवाजात कळतो. खणखणीत आवाज जरासा बसका होतो. मला तो दोन-तीन ठोक्यांत कळायचा. सुपरवायझर दुसऱ्या मशीनवरची डायसुद्धा मला ऐकायला बोलवायचे. "ज्योतीरामला बोलवा, त्याचा कान लावा," असं म्हणायचे. त्या मानासाठी मी साहेब आले की प्लग घालायचो आणि पाठ वळली की काढायचो. ज्या कानानं नाव मिळवलं तोच कान रोज घणाखाली धरत होतो आणि मला ते समजत नव्हतं. समजलं तेव्हा लपवायला शिकलो. वर्षातून एकदा काचेच्या खोलीत बसवून कानांची तपासणी होते, आवाज आला की बटण दाबायचं. तीन वर्षं मी सिस्टरच्या कोपराकडे बघून बटण दाबलं. तिचा कोपर हलला की आवाज आला. दर वर्षी पास. मागच्या महिन्यात माझ्याच मशीनवरची डाय फुटायला आली होती. सुजितनं चार ठोके आधी ओरडून मशीन बंद करायला लावलं म्हणून तुकडा उडाला नाही. "आज कुठं लक्ष होतं, भाऊ?" एवढंच तो म्हणाला. लक्ष तिथेच होतं. फोनवर तुझं बोलणंही मला निम्मं कळतं, उरलेल्या निम्म्यावर मी 'बरं, बरं' म्हणतो, आणि म्हणून अलीकडे फोन आईकडे देतो. तुला वाटलं असेल की बाबा टाळतात. टाळतच होतो, पण तुला नाही.

आता जे लिहायला हात धजत नव्हता ते. जूनमध्ये तू घरी आलीस आणि म्हणालीस, बाबा, सहाव्या गाण्याच्या शेवटी तुम्हीच गा, आजोबांची चाल, तुमच्याच आवाजात. त्याच्या आदल्या गुरुवारी भजनात माझा सूर सुटला होता. यशवंतरावांनी पेटीवर माझी पट्टी दोनदा दाबून दाखवली, मला ती सापडेना. मग त्यांनी पेटी थांबवली आणि दुसऱ्यानं अभंग उचलला. प्रसाद वाटताना यशवंतराव नेहमीपेक्षा गोड बोलले, ते जास्त लागलं. हे तुला सांगायचं सोडून मी काय म्हणालो? देवाच्या दारातली चाल कथा-कादंबरीत नाचवायची नसते, म्हणालो. आपल्या घराण्यात असलं चालत नाही, म्हणालो. तू ताटावरून उठलीस. मी वाढून घेतलं आणि जेवलो. तेव्हापासून तू दिवाळीला एक दिवस आलीस, तीही पाहुण्यासारखी. लहानपणापासून माझ्या मांडीवर बसून तू त्या भजनात डुलायचीस, तुलाच मी देवाच्या दाराबाहेर काढलं, आणि ते कोणासाठी? माझा बिघडलेला कान झाकायला. मी रोज पाठ करतो, पण जूनपासून देवापुढे बसलो की नजर खाली ठेवतो. मागायला काही सुचत नाही म्हणून नव्हे. माझ्या सोयीचं खोटं मी त्याच्या तोंडी घातलं, म्हणून.

हे सगळं मी आणखी वर्षभर पोटात ठेवलं असतं, माझा स्वभाव तुला माहीत आहे. पण काल भाकरी थापता थापता आई म्हणाली की पुढच्या रविवारी चिंचवडच्या नाट्यगृहात तुमचा कार्यक्रम आहे आणि त्यात सहावं गाणं होणार नाही. तू ते यादीतून काढलंस, कारण "बाबांच्या देवाला चालत नाही." आईनं हे तुझ्याच शब्दांत सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं नाही. यादी परवा शनिवारी छापायला जाते म्हणाली, म्हणून हे पत्र उद्याच तुझ्या हातात पडायला हवं. पोरी, ते गाणं परत घाल. देवानं काही म्हटलेलं नाही, मी म्हटलं होतं, आणि का म्हटलं ते आता तुला माहीत आहे. खोटं माझं, त्याची शिक्षा गाण्याला नको. सोमवारी मी कंपनीच्या डॉक्टरांना खरं सांगणार आहे. मशीनवरून काढून स्टोअरला बसवतील, बसवू देत. आईला मात्र अजून काही माहीत नाही. तिला सांगताना तू शेजारी असावीस असं वाटतं, जमलं तर शनिवारी मुक्कामाला ये. पुढच्या रविवारी मी कार्यक्रमाला येणार आहे. बासरीच्या वेळी मी चुकीच्या ठिकाणी मान हलवली तर लोकांना हसू दे, तू गाणं थांबवू नकोस.

तुझाच,
बाबा