रोहिदास घरी आला

मिनल,

तू कंपनीत गेलीस आणि तासाभरात रोहिदासकाका दारात उभा राहिला. संपानंतर तब्बल अकरा वर्षांनी. तेव्हा तो संपावर आमच्या कारखान्याच्या गेटबाहेर बसला होता आणि मी मान खाली घालून आत कामावर गेलो, हे मी परवा ब्लॉगवर लिहिलं होतं. ते वाचून आला.

येण्याआधी या दोन दिवसांत त्यावरून आमचे सात ईमेल झाले होते. मी प्रत्येकात कारणं देत गेलो आणि तो जास्तच चिडत गेला. आज समोर बसल्यावर मी एवढंच म्हणालो, "माझं चुकलं, राव."

"एवढं ईमेलात लिहिता येत नव्हतं व्हय तुला?"

"नव्हतं येत."

मग त्याने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आता त्याच्यासोबत निगडीला चाललोय, काकूने जेवायला बोलावलंय. तुझी भाजी फ्रिजमध्ये आहे, भात तेवढा लाव.

आणि आम्हा दोघांचा फोटो मी ब्लॉगवर टाकलाय. कसा टाकायचा हे विचारायला तुला एकदाही फोन न करता. जरा आडवा आलाय, पण राहू दे. खालची पहिली कॉमेंट त्याची आहे, आपल्याच सोफ्यावर बसून लिहिलेली.

पप्पा