हरकत नसावी

६ जानेवारी २०२५
गावातल्या नऊ बायका घरी आल्या. सतरंजी एकच. गुणाबाई दारातच टेकली. तिचा मुलगा बालाजी दिवसभर देशीच्या दुकानात असतो. म्हणाली, "सायेब, दुकान बंद करायचंय. आडवी बाटली करायची. कागद तुम्हीच करा. आमाला लिहिता येतं, पण ऑफिसातल्यावानी येत न्हाई."
योग्य माणसाकडे आल्या. एकतीस वर्षे दारूच्या परवान्यांचे टेबल सांभाळले. लोकहित म्हणजे काय, हे या भागात माझ्याइतके कुणाला कळत नाही.
होकार दिला. चहा द्यायला हवा होता. दूध नव्हते.
उद्यापासून अर्धा लिटर घ्यायचे.

७ जानेवारी
नियम स्वच्छ अक्षरात उतरवला. एक चतुर्थांश बायकांनी सह्या दिल्या की मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रे. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या. आडवी म्हणजे बंद. आडवीला निम्म्याहून जास्त मते हवीत. आलेल्या बायकांच्या निम्मी नव्हेत, यादीतल्या सगळ्या बायकांच्या. न आलेली बाई उभ्या बाटलीचेच काम करते. यादीत ६११. हव्यात ३०६.
यादी वाचली. अनुक्रमांक २१४. सरस्वतीबाई रामकिशन. वय ५८.
म्हणजे मतदानाला तिला यावेच लागेल. दोन दिवस तरी मुक्काम.
ती तीन वर्षांपासून लातूरला असते, आमच्या मुलाकडे, सत्यमकडे. गुडघ्यासाठी.

९ जानेवारी
सकाळी ११. लातूरला फोन. सुनेने उचलला. करिश्मा म्हणाली, "आई झोपल्यात, बाबा."
संध्याकाळी ५. पुन्हा फोन. झोपल्यात.
झोप चांगली लागते आहे. गुडघ्याला विश्रांती हवीच.

१३ जानेवारी
सह्या १९०. पुरेशा. दुकानाचा मालक वीरण्णा रस्त्यात भेटला. भांडेल असे वाटले होते. वाकून नमस्कार केला. "सायेब, तुमच्या एका ओळीवर माझं दुकान उभं हाय. आता तुम्हीच पाडून राहिलात?"
एक ओळ. खरे आहे. २०११ साली त्याच्या अर्जावर टिपणी माझी होती. 'लोकहिताच्या दृष्टीने हरकत नसावी.' सगळ्याच अर्जांवर तेच लिहीत असे. साहेबांना टिपणी छोटी लागे. शाळेपासूनचे अंतर पाहिले, देवळापासूनचे पाहिले. लिपिकाच्या घरापासूनच्या अंतराला रकाना नव्हता.

१४ जानेवारी
संक्रांत. गुणाबाईने तिळगूळ आणून दिला. "काकू कवा येनार?"
मतदानाला, म्हणालो.
"संगप्पाचं झाल्यापून पाऊल न्हाई ठिवलं त्येंनी गावात."
संगप्पा माझा मेहुणा. सरस्वतीचा धाकटा भाऊ. आमच्याकडेच राहायचा. दुकान घरापासून एकशेचाळीस पावले. जाताना तो मोजून जायचा. येताना मोजता यायचे नाही. एका सकाळी नाल्यात सापडला. त्याच्या तेराव्यानंतर सरस्वतीचा गुडघा दुखू लागला. वय.
दुकान बंद झाले की ती येईल. तिने तसे म्हटलेले नाही. पण पस्तीस वर्षांत माणूस न बोलता कळतो.

१८ जानेवारी
गुणाबाई हिशेबाला पक्की. यादीतल्या कितीतरी बायका गावात नाहीतच. लग्न होऊन गेलेल्या, पुण्याला कामाला गेलेल्या, दोघी तर वारलेल्या. त्या सगळ्या उभ्या बाटलीला धरल्या जाणार. त्यांची नावे यादीतून काढायला हवीत. त्याला नमुना सातचा अर्ज लागतो, एका नावाला एक. अंगणवाडीची उज्वला मतदारयादीचे काम बघते. तिने सांगितले, पंचवीस तारखेच्या आत द्या, मतदानाआधी नावे निघतील.
जबाबदारी मी घेतली. दोन दिवसांचे काम.

२० जानेवारी
अडतीस अर्ज लिहून झाले. अक्षर अजून देखणे आहे. आता फक्त घरच्यांच्या सह्या.
पहिले घर शेषेरावचे. त्याची मुलगी मुरुडला दिलेली. त्याने अर्ज वाचला, परत दिला. "सायेब, आधी काकूचं नाव काढा. मग माझ्या पोरीचं घ्या."
आतून त्याची बायको म्हणाली, "ह्येंची बायकू यादीत ऱ्हाती अन् आमचीच लेक जड झाली व्हय?"
समोरच्या ओट्यावरचे लोक हसले. मी समजावले, तिचे प्रकरण वेगळे आहे. ती तात्पुरती गेली आहे.
"हाव," शेषेराव म्हणाला. "तीन वर्षं तात्पुरती."
पुढच्या दोन घरी तेच. लोकांना नियम समजत नाहीत.

२२ जानेवारी
विचार केला. एक अर्ज भरला की अडतीस मिळतात. लोकहित एका पारड्यात, दुसऱ्यात काहीच नाही. एकोणचाळिसावा अर्ज घेतला. तिचे नाव, अनुक्रमांक लिहिला. नाव काढण्याचे कारण: मृत किंवा कायमचे स्थलांतर. योग्य तिथे खूण करा.
पेन चालेना. शाई संपली असावी.
उद्या उमरीहून नवा आणतो.

२३ जानेवारी
उमरीला गेलो. पेन घेतला. हातांची प्लास्टिक खुर्चीही घेतली. तिला आता खाली बसता येणार नाही. ऑटोवाला म्हणाला, "पाहुणे येनार का?" म्हणालो, घरचेच.
अर्ज उद्या.

२५ जानेवारी
सकाळी उज्वलाचा फोन. "काका, अर्ज?" काम चालू आहे, म्हणालो. दुपारी पुन्हा वाजला. मग पाचला. उचलला नाही. झोपलो होतो, असे सांगता येईल.

२६ जानेवारी
झेंडावंदन. गुणाबाईने विचारले, "दिले ना अर्ज, सायेब?" मी मान हलवली. बँड वाजत होता.
अर्ज ट्रंकेत आहेत. अडतीस नावांनी काय होते. गावात आडव्या बाटलीची लाट आहे.

१४ फेब्रुवारी
दुपारी फोन. सरस्वती स्वतः बोलली! सात महिन्यांनी. मतदानाची तारीख सांगितली. दोन मार्च, रविवार. म्हणाली, "बघू."
तिचे बघू म्हणजे हो.
मग विचारले, "संगप्पाचा फोटो हाय का भिंतीवर, का काढला?"
आहे, म्हणालो. फोन ठेवल्यावर ट्रंकेतून काढून लावला. खिळा होताच.

२ मार्च
सकाळी ७. दुकानाला मतदानापुरते सरकारी कुलूप. शाळेच्या आवारात पुरुषांना बंदी. नवी खुर्ची घेऊन फाट्यावर गेलो, शेजारी दगडावर बसलो. ती एसटीतून उतरेल तेव्हा बसायला हवी.
८.४०. लातूरहून नांदेडमार्गे येणारी गाडी. तिघे उतरले.
१०.१५. दोन बायका. दोघी शेषेरावकडच्या. मुरुडहून मुलगी आली, मत टाकायला.
११. नव्वदीतल्या सिद्धम्माला नाती बाजेवरून नेत होत्या. म्हातारीने बाज थांबवली. "कुनाची वाट बघून राहिला रे बाबा? चालता येना ती मी निगाले, तू का बसला?"
१.३०. गाडी थांबली नाही.
४.५०. कुणी नाही. मतदान पाचला संपते.
गुडघा दुखत असणार. थंडी अजून आहे.
संध्याकाळी ७. आडवी २८९. उभी ४१. बाद ९.
हव्या होत्या ३०६. दुकान राहिले.
अडतीस नावे निघाली असती तर यादीत ५७३. मग २८७ पुरल्या असत्या. दोनदा करून पाहिले. तेच येते.

३ मार्च
गुणाबाई आली. उज्वलाकडून सगळे कळले होते. ओरडली नाही. "अर्ज कुठं हायत?"
ट्रंक दाखवली. तिने एकेक अर्ज पाहिला. शेवटच्यापाशी थांबली. नाव होते, खूण नव्हती.
"बालाजी आज सातलाच गेला," ती म्हणाली. "वीरण्णानं पेढे वाटले दुकानापुढं. माझ्या पोरानं मला आणून दिला एक."
दूध होते. चहा करतो म्हणालो. अर्ज होते तसे रचून ठेवले तिने, आणि गेली.

११ मार्च
उज्वला आली. खुर्चीवर बसवले. तीच पहिली बसली तिच्यावर.
सरस्वतीने लातूरला नाव लावण्यासाठी अर्ज केला आहे. ऑनलाइन, स्वतः. उज्वलाने मोबाइलवर दाखवला. तारीख १५ फेब्रुवारी. फोनच्या दुसऱ्या दिवशीची. पत्ता बदलण्याचे कारण: कायमचे वास्तव्य. खूण स्पष्ट होती.
उज्वला हळू म्हणाली, "चौकशी करावी लागती, काका. काकू राहतात का इथं? हरकत असंल तर लिहा."
तिने कागद पुढे केला. मग मोबाइलमध्ये बघत बसली. चांगली मुलगी आहे.
'हरकत नसावी.' खाली सही, तारीख.
नवा पेन चांगला चालतो.
उद्यापासून दूध बंद करायचे.