शनिवार-रविवारी पाऊस पडत नाही

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. शास्त्रज्ञाने नोंद ठेवलीच पाहिजे. ३० तारखेला करार संपतो. हा माझा तिसरा पोस्टडॉक. म्हणजे पीएचडी झाली, पण कायम कुठेच चिकटता आलं नाही, म्हणून मान देऊन दारातच उभा केलेला माणूस. पण यंदा आमच्या शेती संशोधन संस्थेत एक कायम जागा निघाली आहे. २६ तारखेला निवड समितीपुढे भाषण. जागा मिळाली की बायको आणि लेक इकडे येतील. चार वर्षं झाली, त्या बसने पाच तास लांब राहतात. मी महिन्यातून दोनदा शनिवार-रविवार जातो.
संकल्प : रोज सहाला उठणे. मॉडेल वीस तारखेच्या आत पूर्ण. गमबूटशी वाद नाही.
(आज साडेआठला उठलो. पण संकल्प नऊला केला, त्यामुळे आजचं धरायचं नाही.)

२ सप्टेंबर.
गमबूट म्हणजे समोरच्या टेबलावरचा दुसरा पोस्टडॉक. त्याच जागेसाठी त्याचाही अर्ज आहे. रोज सकाळी शेतात जातो आणि चिखल घेऊन येतो. वाद घातला.
संस्थेचं शेत इमारतीमागे चारशे पावलांवर आहे. मी दोन वर्षांत गेलेलो नाही. तत्त्व म्हणून. शेत पाहिलं की मन कलतं. मॉडेलवाल्याने आकडे पाहावेत.

४ सप्टेंबर.
माझ्या कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये रोजचा पाऊस घालायचा, माती घालायची, की मका किती पिकेल ते निघतं. निघत नाहीये. शेतातला मका म्हणे माणसाच्या वर गेलाय. माझा जुलैतच मरतो. विभागप्रमुख सरांनी विचारलं, काय बिघडलंय. म्हटलं, मॉडेल उत्तम आहे, मक्याचं काहीतरी चुकतंय. सर बराच वेळ चहा ढवळत राहिले.

८ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळी ६.
सापडलं! अकरा वर्षांच्या पावसाच्या नोंदी कॉम्प्युटरवर उलगडून बसलो होतो. प्रत्येक शनिवारी शून्य. प्रत्येक रविवारी शून्य. सोमवारी धो धो. अकरा वर्षं! माझा मका रविवारी सुकतो आणि सोमवारी बुडतो, त्यात मॉडेलचा काय दोष? हा तर निसर्गाचा नियम. कारणही सुचलं : शनिवार-रविवार कारखाने बंद, हवेत धूळ नाही, धूळ नाही तर ढग नाही. इतकं सोपं, आणि आजवर कुणाच्या डोक्यात आलं नाही! दोन समोसे जास्त खाल्ले असते, पण कॅन्टीन बंद झालं होतं.

१० सप्टेंबर.
बायकोला फोनवर सगळं सांगितलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे. म्हणाली, अरे, मागच्या महिन्यात रविवारी आम्ही तिकडे आलो तेव्हा आपण तिघेही चिंब भिजलो होतो, पोरीचे बूट दोन दिवस वाळले नाहीत. म्हटलं, एका रविवारवरून सिद्धांत मोडत नसतो. मग विचारते, रविवारी पावसाचं माप घेतं कोण? म्हटलं, रजिस्टरमध्ये आहे. म्हणाली, रजिस्टर पाऊस मोजत नाही, माणूस मोजतो. काखेत कळसा नि गावाला वळसा, चारशे पावलं जाऊन विचार की.
मनाने चांगली आहे. तिचा विषय नाही, एवढंच.

१३ सप्टेंबर, शनिवार.
घरी गेलो नाही. भाषणाची तयारी. लेक फोनवर आलीच नाही. रुसली असावी. एकदा कायम झालो की सगळी कसर भरून काढीन.
आमची खोली तळघरात, खिडकी नाही. ज्याच्याकडे डेटा आहे त्याला खिडकी कशाला? दिवसभर पाइपमधून पाणी वाहत होतं. वर कुणीतरी नळ उघडा टाकून गेलंय. बेजबाबदार लोक. संध्याकाळी निघालो तर रस्ते ओले. धुतले असावेत.

१७ सप्टेंबर.
गमबूटने माझी एक स्लाइड चोरून पाहिली. विचारतो, रविवारचं माप कोण घेतं रे? हुबेहूब बायकोचाच प्रश्न. जळतोय.

१९ सप्टेंबर, शुक्रवार.
बायकोच्या गावच्या कॉलेजात शिकवायची जागा आहे. कायम. तिने स्वतः जाऊन प्रिन्सिपॉलना गळ घातली. त्यांना आज उत्तर हवं होतं. म्हणाली, तिघं एका घरात राहू, अजून काय पाहिजे? नाही म्हणून सांगितलं. शोध हातातोंडाशी आलेला असताना कोण फळ्यावर खडू घासत बसेल? ती म्हणाली, आणि तुझं चुकलं तर? म्हटलं, चुकणार नाही. तिने फोन ठेवला. पुन्हा करायला हवा होता. भाषणानंतर करीन.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ५.
भाषण उत्तम झालं. चौदाव्या स्लाइडपर्यंत.
तिथे अध्यक्षांनी विचारलं, माप घेतं कोण? (सगळ्यांना एकच प्रश्न कसा सुचतो?) त्यांनी शेतावरच्या मावशींना बोलावून घेतलं. मावशी हात पुसत आल्या. अकरा वर्षं रोज सकाळी साडेआठला माप त्याच घेतात. म्हणाल्या, शनिवार-रविवार मला सुट्टी असते, साहेब. सोमवारी भांड्यात तीन दिवसांचं पाणी असतं, ते एकदम लिहिते. रजिस्टरमध्ये बाजूला तसं लिहूनही ठेवलंय. कॉम्प्युटरवाल्यांनी रिकाम्या चौकटीत शून्य टाकलं असेल. मला कधी कुणी विचारलंच नाही.
कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. मी म्हटलं, यातून मानवी सुट्टीचा पैलू पुढे येतो. अध्यक्षांनी आभार मानले. मान वर करून बाहेर आलो आणि जिन्यात बसून राहिलो.

३० सप्टेंबर.
गमबूटची निवड झाली. येऊन खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, माझ्याही हातून झालं असतं. नालायकाला टोमणासुद्धा मारता येत नाही.
कॉलेजला फोन केला. जागा २२ तारखेलाच भरली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.
सरांनी बोलावलं. समितीने ठरवलंय, आता शनिवार-रविवारीही माप घ्यायचं. माणूस हवा, सहा महिन्यांसाठी. सर माझ्याकडे न बघता बोलत होते. मी हो म्हटलं. डेटा मुळापासून हातात येईल. बाकीचे पाच दिवस पेपर लिहिता येईल. वाईट नाही. खरंच वाईट नाही.
बायकोला सांगितलं, सहा महिन्यांचं काम मिळालंय. दिवस कुठले ते तिने विचारलं नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ८.३०.
पहिली नोंद. पाऊस ३८.२ मिलिमीटर.
पेन जरा वेळ हवेतच राहिलं. मग लिहिलं.
लेकीचा फोन. आज येणारेस ना बाबा? म्हटलं, इथे पाऊस आहे गं. खूप? हो, खूप. मग थांबला की ये, म्हणाली. उद्या आलास तरी चालेल.
बरं म्हटलं.