साक्ष द्यायला वर गेलो

प्रिय ताईस,

प्रभूमध्ये सलाम. तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला गेला, की त्यांनीच ठेवून घेतलाय? (औषधाची चव आवडली की माणसाचं असंच होतं.) मी बरा आहे, फक्त डोकं ठिकाणावर नाही. त्याला कारण तू, म्हणून पत्रही तुलाच.

गेल्या खेपेला तू म्हणालीस, नुसता शेवटच्या बाकावर बसून आमेन म्हणू नकोस, एका तरी माणसाला प्रभूविषयी सांग. तुझं ठीक आहे, चुकीचा फोन लागला तरी तू समोरच्याला उपासनेचं आमंत्रण देतेस. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासणारा माणूस, मला गिऱ्हाईकसुद्धा दाखवत नाहीत. तरी धीर केला. वरच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या बाई राहतात. त्या सध्या काळजीत दिसत होत्या, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करायचं ठरवलं. पाळकसाहेबांनी शिकवलेलं वाक्य जिन्यात घोकलं आणि दार उघडल्याबरोबर म्हणून टाकलं, "बाई, मला साक्ष द्यायची आहे."

बाईंनी कात्री खाली ठेवली आणि डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "अगदी देवासारखे धावून आलात हो." (मी देवाबद्दल सांगायला गेलो होतो, तर देवपण माझ्याच गळ्यात पडलं.) मग उलगडा झाला. माझ्या छताचा पोपडा पडला होता ना, तो बाईंच्या शिलाई मशीनच्या हादऱ्यानं पडला असं म्हणून घरमालकानं खोली खाली करून घ्यायला त्यांच्यावर दावा लावलाय, आणि त्याच्याविरुद्ध बोलायला एकही भाडेकरू तयार नाही. आपल्या मंडळीत साक्ष म्हणजे प्रभूनं आपलं काय भलं केलं ते सांगणं, हे बाईंना कुठून ठाऊक असणार? त्यांना कोर्टातली तेवढी ठाऊक. ती नव्हे, दुसरी, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तर चहा आला.

कोर्टात माझं नाव पुकारलं. घरमालक समोरच बसलेला. मनात म्हटलं, प्रभू, एक तर मला धीर दे, नाही तर इथली वीज घालव. वीज गेली नाही. त्याच्या वकिलानं दरडावून विचारलं, हे तुम्ही कशावरून सांगता? मी जे झालं ते सांगितलं. रविवारी दुपारी झोपलो होतो, वर मशीन बंद होतं, आधी भिंतीतल्या फुटक्या नळाचं पाणी ठिबकलं, मग पोपडा नाकावर आला. न्यायाधीशांनी चष्मा वर करून माझं नाक पाहिलं. (काच डाव्या बाजूला नीट बसलेली नव्हती, पण ते बोललो नाही.) बाईंची खोली राहिली.

बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, "तुम्ही तर जिन्यातल्या मांजरालाही वाट देता. आज एवढं बळ कुठून आणलंत?" ताई, याहून उघडं दार कुणाला मिळतं? आणि मी म्हणालो, बस आली. आली होती खरी, पण आपली नव्हती. तरी चढलो, आणि शेवटच्या थांब्यावरून चालत घरी आलो. आता मी साक्ष दिली की नाही, हेच मला कळेनासं झालंय. दिली म्हणावं तर प्रभूचं नाव तोंडातून निघालं नाही, आणि नाही म्हणावं तर बळ त्याचंच होतं. तुला काय वाटतं ते कळव.

तुझा गोंधळलेला,
धाकटा

ता. क. खरं म्हणजे लिहायचं होतं ते हे, की आठ दिवस राहायला ये आणि बाईंशी तूच बोल. छत दुरुस्त झालंय.

दुसरा ता. क. येऊ नकोस. पाकीट चिकटवत होतो तोच बाई खाली आल्या आणि पुन्हा तेच विचारलं. घरात बस कुठून येणार? मी म्हणालो, "बळ माझं नव्हतं. भीती वाटली की मी येशूला हाक मारतो. त्या दिवशीही मारली, आणि तो आला." आवाज चिरका निघाला, पण बोललो, ताई, आणि मला फार आनंद झाला. बाई खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "भीती मला रोजच वाटते. हाक कशी मारायची?"

तिसरा ता. क. बाई अजून बसल्यात. चहा ठेवतो म्हणून आत येऊन हे लिहितोय. पुढचं मला काही येत नाही. पत्र तुला पोचेपर्यंत त्या थांबणार नाहीत, तेव्हा बाहेर जातो आणि त्यांच्यासमोरच हाक मारतो. तू मात्र लवकर ये.